सगुणाच्या मळ्यातून रस्ता

कार्तिक शुद्ध ७, शके १७८८. अमरावती

कापसाच्या गाड्यांनी दरवाजा पुन्हा अडवला. उजाडल्यापासून घागरमाळा आणि हाकणाऱ्यांच्या शिव्या. दोन वर्षांमागचा भाव आता राहिला नाही असं सगळे म्हणतात, गाड्या मात्र कमी होत नाहीत. गल्लीभर कापूस सांडलेला. वाळवणावर, तुळशीवर, दुधावरसुद्धा. काल ओसरीवर चिलीम ओढत बसलेल्या गाडीवानाला मी हाकलून दिलं. एक ठिणगी पडली तर परकोटाच्या आतलं काही उरणार नाही.

म्हणूनच बाजार बाहेर न्यायचा, आणि तिथून बडनेऱ्याच्या ठेसनापर्यंत पक्का रस्ता करायचा. परवा कमेटी आमच्या पडवीत बसणार. पंच पाच: हे, देशमुख, कापसाचे शेठजी, वैद्यबुवा, आणि निजामाच्या वेळेपासूनचे म्हातारे मुन्शीजी. वर गोरा साहेब. साहेबाची खुर्ची शेठजींच्या घरून येते.

पानं चांगली मिळाली नाहीत. सगुणा माळणीला सांगितलं आहे.

कार्तिक शुद्ध ९

बैठक झाली. मी दाराआड. खांबामुळे ह्यांची नि पंचांची बैठक दिसत नाही, आवाज ऐकू येतात.

रस्त्याच्या दोन आखण्या. एक नाल्याच्या कडेनं वळसा घेऊन जाते, तिच्यावर दोन मोऱ्या बांधाव्या लागतात. दुसरी सरळ, माळ्यांच्या बागायतीतून. साहेबानं नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ ओढायला त्याला एक घोट चहापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

शेठजी: "गाडी घूमके जाईल तर भाडं वाढते, साहेब. रस्ता सीधाच पाहिजे."

मुन्शीजी: "बाजार बाहर जाए, अच्छा है. मगर कुएँ छोड़के रस्ता निकालो."

देशमुख काहीतरी गुळमुळीत बोलले. वैद्यबुवा खोकले. हे बोललेच नाहीत.

साहेबानं विचारलं, कोणाला हरकत? दुभाष्यानं मराठीत विचारलं, मग उर्दूत. कोणी बोललं नाही. मग मी आतून पाच विड्यांचं तबक पाठवलं.

बाबा पंचांत बसत तेव्हापासून हे बघते आहे. ज्याला ठराव मान्य तो विडा उचलतो. ज्याला नाही तो तबक पुढं सरकवतो, तोंडानं एक शब्द काढत नाही. कोणाचा मान जात नाही, आणि सगळे विडे उचलले जाईपर्यंत ठराव झाला असं धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

तबक परत आलं तेव्हा दोन विडे होते. म्हणजे ठरलं नाही. मला हलकं वाटलं. त्या सरळ रेघेत पहिला मळा सगुणाचा.

कार्तिक शुद्ध ११

सगुणा मागच्या दारी. भाजीची पाटी नव्हती डोक्यावर. रिकाम्या हातानं आलेलं तिला मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाई, माह्या वांग्यात खुट्या ठोकल्या. लाल फडकी बांधली त्याईले. काहून वो?"

मी म्हटलं, चुकून ठोकल्या असतील, अजून ठरलं नाही.

"इहिरीच्या कठड्याले बी चुना लावला. चुकून लावतात काय चुना?"

तिची विहीर तिच्या सासऱ्यानं खणली. उन्हाळ्यात परकोटातल्या विहिरी आटल्या की आमची अर्धी गल्ली तिच्याकडूनच पाणी आणते. तेही कमेटीत कोणी बोललं नाही. मीही ह्यांना बैठकीआधी बोलले नव्हते. वाटलं, त्यांना माहीतच आहे.

सगुणा जाताना म्हणाली, "मालकाईले विचारा. ते होते ना तिथं बसून."

तेच. होते ना तिथं.

कार्तिक शुद्ध १२

विचारलं. हे जेवत होते.

"साहेबानं सगळे राजी असं लिहून घेतलं," म्हणाले. "कोणी हरकत घेतली नाही ना."

"दोन विडे परत आले होते."

"साहेबाला विडा काय कळतो? तो बसला होता तोंडाकडे बघत. तोंडं बंद, म्हणजे कबूल."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"साहेबासमोर तोंडावर नाही म्हणायचं? आपल्यात असं कोणी केलं आहे का? मी विडा ठेवला होता. समजणाऱ्यानं समजायचं."

ठेवला होता, असं म्हणाले. ओठ तेव्हा लाल होते त्यांचे, बैठकीहून आत आले तेव्हा. पण हे दिवसाचे सहा-सात विडे खातात, बटव्यातला असेल. मी उगाच ओठ आठवत बसले आहे.

कार्तिक वद्य २

मुन्शीजी दारावरून जाताना थांबले. माझ्या वडलांचे स्नेही, मला बेटी म्हणतात. काठी टेकत उभे राहिले आणि आपणहून बोलले.

"बेटी, मैंने बीड़ा नहीं उठाया था. गवाह रहना."

मी म्हटलं, माझी साक्ष कोण धरणार?

"ख़ुदा धरेल ना." हसले, पण डोळे हसत नव्हते.

त्यांचा एक. म्हणजे उरला एक.

कार्तिक वद्य ५

देवीच्या देवळात देशमुखीण भेटली. प्रदक्षिणा चालू असतानाच मागून म्हणाली, "आमच्याईनं त विडा तसाच ठेवला. माळ्याईच्या शिव्या आमाले कावून?"

घरी येते तर वैद्यबुवांची सून ताक मागायला आलेली. तिचंही तेच, मामंजींनी विड्याला हात लावला नाही. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

शेठजी तरी उघड म्हणतात, मी उचलला. बाकी चौघंही म्हणतात आम्ही ठेवला. तबकात दोन होते, मी माझ्या हातानं उचलून ठेवले.

दोघं खोटं बोलत आहेत. देशमुख बोलत असतील. वैद्यबुवा बोलत असतील. मन घाईघाईनं त्याच दोघांवर जाऊन बसतं. त्या घाईचीच मला शंका येते.

कार्तिक वद्य ८

सगुणाची वांगी. पैसे घेईना. "राहू द्या, पुढच्या साली कुठून आणीन." टोमणा की माया, कळलं नाही. तिच्याशी बोलताना असं तोलून बघण्याची वेळ कधी आली नव्हती. माझा लेक माधव जरीमरीत गेला तेव्हा ती रोज एक झेंडू उंबऱ्यावर ठेवून जायची, हाक न मारता. चाळीस दिवस की जास्त, मला भान नव्हतं.

कार्तिक वद्य १३

हे सकाळी घोड्यावरून बाहेर. कुठं, विचारलं तर "जागा बघायला". कमेटीच्या कामानं, असं धरून चालते.

मार्गशीर्ष शुद्ध ४. अकोला

माझ्या भावाच्या, विनूच्या मुलाचं बारसं. बडनेऱ्याहून आगगाडीनं आले. ह्यांना कमेटीमुळे येता आलं नाही.

अकोला ओळखू येत नाही. ठेसनाच्या अंगाला नवी पेठ उठली आहे, पत्र्याच्या वखारी, दोन वखारींमधून एक बैल जेमतेम जातो. जुन्या गावात मात्र सामसूम. विनू कचेरीत कारकून, त्याला या सगळ्याचा अभिमान. मला अभिमानानं दाखवत होता आणि मी मनात म्हणत होते, इथं आधी काय होतं?

मार्गशीर्ष शुद्ध ६. अकोला

बारसं आटोपलं. मुलगा बाबांवर गेला आहे, कपाळ तसंच.

पंगतीत विनू वाढत होता. माझ्या पानात आणखी एक लाडू टाकला. "अक्का, हा तुझ्या जमिनीचा. मिठाई तू द्यायची, तर मीच देतो आहे."

"कसली जमीन?"

"घ्या. बडनेऱ्याच्या वाटेवरची. भाद्रपदात भाऊजी आले नव्हते का? विकणारा इथलाच. साक्षीला मी होतो. तुझ्या नावावर केली."

मी म्हटलं, "हो, ती होय." असं म्हणाले जसं काही मला माहीतच होतं. का म्हणाले? भावासमोर नवऱ्याला उघडं पाडायचं नव्हतं. आणि मलाही उघडं पडायचं नव्हतं.

वहिनीचं लक्ष होतं. "वन्सं, घास हातातच राहिला तुमचा."

भाद्रपद. साहेबानं रेघ ओढली ती कार्तिकात.

मार्गशीर्ष शुद्ध ७. अकोला

विनूला म्हटलं, इथल्या माळ्यांचे मळे कुठं होते ते दाखव. "आता काय बघायचं आहे तिथं," म्हणाला, पण घेऊन गेला.

ठेसनाच्या कुंपणाशी एक म्हातारी मेथी घेऊन बसलेली. विचारलं, कुठली मेथी.

"दुसऱ्याची हाय. आमची बी बागायत होती, तुमी उभ्या हा ना, तिथंच."

"बदली जागा नाही दिली?"

"देली ना. सायबानं जागा देली. पाणी नाई देलं."

मी चार जुड्या घेतल्या. विनू म्हणाला, एवढी मेथी कोण खाणार. मला तिथून लगेच निघता येईना, म्हणून घेतल्या.

मार्गशीर्ष शुद्ध ११. अमरावती

घरी. गाडीत सारा वेळ हेच, काय शब्दांनी विचारायचं. एकही शब्द बरोबर बसला नाही.

हे खुश होते. माझ्या मागे स्वतः तुळशीला पाणी घातलं म्हणाले. घातलं होतं, आळं ओलं होतं. त्यामुळे आज विचारलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १२

विचारलं.

"विनू बोलला वाटतं," म्हणाले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"माझ्या नावावर का?"

"पंचाच्या नावावर कशी घेऊ? लोक काय म्हणतील?"

"आणि बायकोच्या नावावर घेतली तर लोक काही म्हणत नाहीत?"

बटव्यातली सुपारी काढली. मग म्हणाले, "ती सगुणासाठी घेतली."

पुढं तेच बोलले.

"साहेबाची आखणी पावसाळ्यातच झाली होती. कमेटी म्हणजे त्यावर होय म्हणायला. मला तेव्हाच दिसलं, मळे जाणार. तिला बदली जागा कुठून द्यायची? मी नसती घेतली तर शेठजीनं घेतली असती."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"तिला सांगितलं म्हणजे बाजारात सांगितलं."

"मला?"

"तू तिला सांगितलं असतंस."

सगळं बसतं. प्रत्येक गोष्ट दुसरीत बसते. हे बोलत असताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते. पंचवीस वर्षांत त्यांनी मला काय काय सांगितलं आणि त्यातलं किती मी हात न बघता मानलं. आज हातच का बघितले?

पावसाळ्यातच ठरलं होतं, तर कार्तिकातल्या त्या विड्यांचं काय? मग ठेवला काय आणि उचलला काय.

मार्गशीर्ष वद्य १

खरं असेल. सगुणासाठीच असेल.

मार्गशीर्ष वद्य ६

हे आणि शेठजी एका टांग्यातून त्याच बडनेऱ्याच्या वाटेनं गेले. शेजारणीनं सांगितलं. मी म्हटलं, कमेटीचं काम. शेजारीण म्हणाली, "हो, कमेटीचंच असन." आणि चाळण पुन्हा हलवू लागली.

पौष शुद्ध ७. संक्रांत

हळदीकुंकू. शेठाणी आली, हिरव्या शेल्यात, हलव्याची पुडी घेऊन. माझ्याजवळ सरकून बसली. चांगली बाई आहे, मनात काही ठेवत नाही.

"अब तो हम पड़ोसी बनेंगे, बहनजी."

"कुठं?"

"वही, नई सड़क पे. आपली वखार आणि तुमची जागा लागूनच. सेठजी बोलले, आपके भाऊसाहब से बात पक्की है."

"कसली बात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वाणाकडे. "ते मला काय कळते. मर्दांची बात." आणि देशमुखिणीच्या नथीचं कौतुक करायला वळली.

सगुणाही आली होती, मागच्या दारी. तिला तीळगूळ दिला. तिनं नुसता कपाळाला लावला, खाल्ला नाही. "दात दुखते," म्हणाली.

पौष शुद्ध ८

शेठाणीचं ह्यांना सांगितलं. हसले. "शेठजीची सगळ्यांशीच बात पक्की असते. त्याला वाटतं मी त्याला विकीन."

"तुम्ही नाही म्हणालात?"

"मी काहीच म्हणालो नाही."

हेच मला भीतीचं वाटतं. हे साहेबासमोर काही म्हणाले नाहीत, शेठजींसमोर म्हणाले नाहीत, मला भाद्रपदापासून काही म्हणाले नाहीत. ह्या गप्प राहण्याला साहेब होकार समजला. शेठजी होकार समजले. मी काय समजू?

पौष शुद्ध १३

रात्रंदिवस एकच विचार करून माणूस थकतो. आज ठरवलं. जमीन माझ्या नावावर आहे तर मी ती बघून तरी येईन. आणि सगुणाला बरोबर नेईन.

ह्यांना विचारलं नाही.

पौष वद्य १

सगुणाला सांगून टाकलं. विहिरीवर बसलो होतो, चुन्याच्या रेघेला पाठ करून.

ती मोटेच्या दोरीशी चाळा करत होती. मग म्हणाली, "तुमच्या नावावर? मंग हा रस्ता तुमच्याच माणसानं आखला म्हना ना."

"नाही. साहेबानं आखला."

"सायबाले कोनं सांगतलं, सगुणाचा मळा गरीब हाय, इकून जा?"

मी कठड्यावरचं गवत उपटू लागले. तिला ते दिसलं, आणि तिचाच आवाज मऊ झाला. "तुमाले नाई म्हनत वो बाई. तुमचं नाव नुसतं कागदावर हाय. माहं बी मळ्याच्या कागदावर तसंच, सात पिढ्याचं."

म्हटलं, ते म्हणतात तुझ्यासाठी घेतली.

"मंग दाखवा. डोयानं पायते."

पौष वद्य २

गेलो. लोकांनी वळून बघितलं असेल, माळीण आणि मी एका बैलांच्या दमणीत. परकोटाबाहेर अर्धा कोस. खुट्यांची रांग आमच्या बरोबर चाललेली, लाल फडकी वाऱ्यावर. तिच्या मळ्यातून निघून सरळ आमच्या जागेच्या काठाला जाऊन लागते.

काळी माती. थोडा उतार. पलीकडे शेठजींच्या वखारीचा पाया घातलेला.

सगुणानं ढेकूळ फोडलं, बोटांत चुरलं. "माती बरी हाय." मग खालच्या अंगाला चालत गेली, तिथं उंबराचं एक झाड. त्याच्याभोवती फिरली. "पाणी असन. नसन बी."

"खणलं तर?"

"कोन खनन? सायबाची भरपाई कदी भेटन, अन् पाणी कदी लागन?" मग माझ्याकडे बघून, "मालक देतीन म्हनता. कदी देतीन? इहीर गेल्यावर? तवा मी काय पाजू रोपाले, तुमचा शबूद?"

परत आलो. उतरताना तिनं माझा हात धरला, मला खाली उतरवायला. नेहमी धरते तसाच.

पौष वद्य ५

मनात ठरलं आहे. लिहून ठेवते म्हणजे मागं फिरायला नको. तिनं आत्ताच खणायला घ्यावं. रस्ता व्हायच्या आधी. पाणी लागलं आणि तिची रोपं लागली की मग ती जागा शेठजीला विकणं सोपं नाही. आणि ह्यांच्या मनात खरंच सगुणाच असेल, तर ह्यांना आनंदच होईल.

दोन्हींपैकी काय, ते मला त्यांच्या तोंडावर दिसेल. एवढ्यासाठीच करते आहे का मी हे? तिच्यासाठी की मला बघायचं आहे म्हणून? दोन्ही. मला आता कशाचं एक कारण सांगता येत नाही.

पौष वद्य ९

कमेटी पुन्हा. होळीनंतर काम सुरू. साहेबानं भरपाईचं बोलणं काढलं. दुभाष्या म्हणाला, विहिरीची किंमत धरायची की नाही?

मुन्शीजी उठून उभे राहिले. काठीवर भार देऊन. "साहब, मैं ज़बान से कहता हूँ. मुझे मंज़ूर नहीं." साठ वर्षांत कोणत्याही पंचायतीत ते असं बोलले नसतील.

साहेब म्हणाला, हे आधी का सांगितलं नाही?

मुन्शीजी म्हणाले, "कहा था. आपने सुना नहीं." आणि बसले.

मग ह्यांचा आवाज. माझं सगळं अंग कानात आलं. "साहेब, माळ्यांना बदली जागा देता येईल."

"कुठं? कोणाची?"

मग हे म्हणाले, "पाहू."

आमची जागा नकाशावर त्यांच्या कोपराखाली असेल. पाहू.

शेठजींसमोर उघड करायचं नसेल. असेल तसं. किंवा…

आज तबक पाठवलं नाही. आतून निरोप दिला, पानं नासली.

पौष वद्य १०

सगुणाकडे गेले. म्हटलं, उद्यापासून खण.

"मालक?"

"जमीन माझ्या नावावर आहे."

"ते मले ठावं हाय. मालक?"

"त्यांचं मी बघते."

ती हसली, पहिल्यांदा एवढ्या दिवसांत. "तुमी काय पायता. तुमी त दाराआडून पायता."

मग आत जाऊन आपल्या दिराला हाक मारली.

माघ शुद्ध २

खणणं सुरू. नारळ तिनं फोडला. मी गेले नाही, लोक बोलतील म्हणून, मग तेच मनाला खात राहिलं. दीर आणि त्याचे दोघं सोबती. वरचं मऊ लागलं, खाली मुरूम.

ह्यांना अजून माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि बोलत नाहीत. शेठजींची माणसं तिथंच पायावर काम करतात, त्यांना दिसत नसेल का? शेठजींना दिसलं म्हणजे ह्यांना कळलं.

आज दोन्ही जेवणांना वाट बघितली. आमटी छान झाली म्हणाले.

माघ शुद्ध ५

पुरुषभर खोल गेले. पाणी नाही. सगुणा म्हणते मुरूम चांगला आहे, मुरमाखाली असतं. दिराचं म्हणणं जागा चुकली.

हे काही म्हणाले नाहीत. मी सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी दुसरंच काही विचारलं, नेमकं त्याच वेळी. ओळखून, की सहज?

माघ शुद्ध ८

देशमुखीण सांगत आली, शेठजी ह्यांच्यावर नाराज आहेत. का, ते तिला ठाऊक नाही. माझ्या मनात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. नाराज आहेत म्हणजे ह्यांनी विकायला नाही म्हटलं असेल. मग वाटलं, किंवा नुसता जास्त भाव मागितला असेल.

कोणती गोष्ट ऐकली की मी पूर्वीसारखी होईन? असं काही ऐकू येईल का आता?

माघ शुद्ध ११

दुपारी हे लौकर आले. मागच्या दारी पाय धुवायला बसले. मी पाणी घालत होते. जोड्यांना ओला पिवळा मुरूम लागलेला, इकडची काळी माती नव्हे. खड्ड्याच्या काठचाच.

मी ओतत राहिले. हे पाय चोळत होते, वर न बघता.

"अजून हातभर खाली जायला पाहिजे त्यांना," म्हणाले. "आज तळ ओला दिसला."

माझ्या हातातली घागर थांबली. म्हणजे उतरून बघितलं. म्हणजे माहीत होतं. राग नव्हता आवाजात. मी तोंड बघायचं म्हणत होते ना, ते खाली होतं, पायांकडे.

"तुम्हाला चालेल ना?" एवढंच मला विचारता आलं.

"तुझी जमीन आहे," म्हणाले. मग टाचा पुसत, उठता उठता, अगदी सहज, "पाणी लागलं की आधी मला कळव. आणखी कोणाला नको. सगुणालाही म्हणावं, बोलू नको."

आत गेले. मी घागर धरून तशीच.

आधी त्यांना का? शेठजींच्या माणसांपासून जपायचं म्हणून? की पाण्यासकट त्या जागेचा भाव वेगळा, म्हणून? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तेही बसलं असतं.

सगुणाला निरोप पाठवला. बोलू नको असा नाही. उद्या सकाळी मी स्वतः येते, खड्ड्याच्या काठावर, लोक बघतील त्यांनी बघावं. पाणी लागेल तेव्हा मी तिथं उभी असेन.